चुन्याआडच्या नर्तकी

एका राज्यात राजाच्या दरबारापेक्षा नृत्यशाळा मोठी होती. दरबारात शिरताना लोक जोडे काढत. नृत्यशाळेत शिरताना जोडे काढून पायही धूत. त्या नृत्यशाळेच्या मधोमध तीन उंच दगडी खांब होते आणि प्रत्येक खांबावर एकेक नर्तकी कोरलेली होती. पहिली कुंदलता, दुसरी मंदारिका, तिसरी अंशुमती. तिघी वेगवेगळ्या पिढ्यांतल्या. कुंदलतेला डोळ्यांनी पाहिलेली काही म्हातारी माणसे अजून हयात होती. मंदारिकेला पाहिलेल्यांची नातवंडे होती. अंशुमती मात्र इतकी जुनी, की तिच्याविषयी कोणालाच काही ठाऊक नव्हते. पण खांबावरच्या तिच्या मूर्तीपुढे लोक मान लववून जात.

त्या राज्यावर पुष्कर नावाचा राजा राज्य करीत होता, आणि त्याच्या नृत्यशाळेत तरला नावाची तरुण नर्तकी होती. तरलेला आईबाप नव्हते. गुरुमाई विशालाक्षीने तिला लहानपणापासून वाढवले होते, चालायला शिकवले होते आणि नाचायलाही. तरला नाचू लागली, की दिव्यांच्या ज्योती ताठ उभ्या राहत आणि बाहेर बांधलेले घोडे पाय आपटणे थांबवत. एवढी ती चांगली होती.

पण नृत्य संपून फुले पडली, की कोणी तरी वृद्ध सरदार जवळ येई आणि म्हणे, सुरेख केलेस पोरी, पण कुंदलतेची गोष्ट वेगळी होती. दुसरा म्हणे, माझ्या आजीने मंदारिकेला पाहिले होते, तशी पुन्हा होणे नाही. तिसरा काहीच न बोलता अंशुमतीच्या खांबाकडे पाहून सुस्कारा टाकी. असे प्रत्येक सणाला झाले, प्रत्येक उत्सवाला झाले. तरला घरी येऊन चाळ सोडी, तेव्हा तिला वाटे, आज आपण नाचलोच नाही, त्या दगडाच्या बायकाच नाचल्या.

एका वसंतोत्सवात ती अशी नाचली, की राजा सिंहासनावरून उठून उभा राहिला.

"तरले, माग. काय मागशील ते दिले," तो म्हणाला.

तरला म्हणाली, "महाराज, मला अलंकार नको, गाव नको. ते तीन खांब चुन्याने लिंपून टाका. मी जिवंत आहे. मी नाचत असताना कोणी मेलेल्या बायकांकडे पाहू नये."

राजाचा चेहरा उतरला, पण शब्द दिला होता आणि राजाचा शब्द फिरत नसे. तरलेने गुरुमाईकडे पाहिले. गुरुमाई उठली, कुंदलतेच्या खांबापाशी गेली, तिने मूर्तीच्या डाव्या पावलावर हात ठेवला आणि घरी निघून गेली. कुंदलता ही तिची गुरू होती.

दुसऱ्या दिवशी गवंडी आले. त्यांनी चुना कालवला आणि तिन्ही खांब वरपासून खालपर्यंत लिंपले. तिसऱ्या खांबावर शेवटचा हात फिरला आणि उत्तरेच्या काळ्या कड्यावरून मृदंगाची एक थाप ऐकू आली. एकच थाप, पण अशी, की घराघरांतल्या उतरंडी कोसळल्या. त्या थापेबरोबर राज्यातला ताल निघून गेला.

ताल गेला, तो आधी पाळण्यांतून गेला. आया झोका देत, पण पाळणा परत येण्याच्या वेळी हात पुढे जाई आणि मूल दचकून रडू लागे. मग तो जात्यांतून गेला. समोरासमोर बसलेल्या जावाजावांत एक ओढी तेव्हाच दुसरीही ओढी, आणि खुंटा जागचा हलेना. होड्यांची वल्ही एकमेकांवर आपटू लागली. नावाडी नदीच्या मधोमध गोल गोल फिरू लागले. लोहाराच्या दोन घणांची गाठ ऐरणीऐवजी हवेत पडू लागली. देवळात आरती सुरू होई, पण टाळ्या विखुरत आणि लोक अर्ध्यातूनच हात खाली घेत. तरलेने पाऊल उचलले, तर ते खाली कधी ठेवायचे हे तिला कळेना.

शेवटी ताल माणसांच्या छातीतून जाऊ लागला, आणि म्हाताऱ्या माणसांच्या छातीतून आधी. गुरुमाई विशालाक्षीने अंथरूण धरले. राजवैद्याने नाडी पाहिली आणि हात हळूच खाली ठेवला.

"नाडी आहे, पण तिला क्रम नाही," तो म्हणाला. "दोन ठोके धावत येतात आणि तिसरा येतच नाही. चंद्र उतरेल तशी ही थकत जाईल. अवसेच्या आत ताल परतला नाही, तर माझ्या मात्रेचा उपयोग नाही."

राजाने काळ्या कड्याकडे सैनिक पाठवले होते. त्यांतला एकही परत आला नव्हता. तरला गुरुमाईच्या उशाशी बसली आणि म्हणाली, की हे सारे माझ्यामुळे झाले.

"झाले खरे," गुरुमाई म्हणाली. मग श्वास सापडल्यावर तिने तरलेच्या गुडघ्यावर हात ठेवला. "म्हाताऱ्यांच्या त्या बोलण्याचा तुला राग येई. मलाही येई, पोरी. तुझ्या वयाची होते तेव्हा मीही ते ऐकले. पण मी चुना मागितला नाही."

तरला तिथे रडली नाही. ती उठून नृत्यशाळेत गेली, आणि तिथे पांढऱ्या खांबांच्या मध्ये बसून रडली.

जमिनीवर एक साळुंकी दाणे टिपत होती. ती मान वर करून म्हणाली, "रडून झाले, की सांग. मला बोलायचे आहे."

तरलेने डोळे पुसले.

साळुंकी म्हणाली, "मंदारिकेच्या तळहातात माझे घरटे होते. माझ्या आईचे आणि तिच्या आईचेही तिथेच होते. आता तिथे चुना आहे. तरी मी तुला वाट सांगणार आहे, कारण तुझ्यावाचून आता कोणी जाणार नाही."

मग तिने सांगितले ते असे. काळ्या कड्याच्या गुहेत घनघोष नावाचा मांत्रिक राहतो. तो मुळात मांत्रिक नव्हता. तो अंशुमतीचा मृदंगिया होता. ती नाचे आणि तो वाजवी. अंशुमती वारली तेव्हा त्याला भीती वाटली, की आपणही मेलो तर तिला पाहिलेले कोणीच उरणार नाही. म्हणून त्याने मंत्रविद्या मिळवली आणि मरण लांबवत नेले. तिन्ही नर्तकींचे चाळ त्याच्या गुहेत आहेत. ते सोन्याचे आहेत आणि शापाचे आहेत. जो त्यांना हात लावील, त्याचे पाय खडकात रुततात. खांब लिंपले गेले त्या दिवशी घनघोषाने राज्याचा ताल मृदंगात ओढून घेतला आणि मृदंगाची चामड्याची वादी आवळून टाकली.

"त्याच्याशी लढता येत नाही," साळुंकी म्हणाली. "तो जे मागेल, ते देता आले तर दे."

तरला त्याच पावली निघाली. साळुंकी पुढे उडत होती. ताल नसलेल्या पायांनी चालणे फार कष्टाचे. एक पाऊल लांब पडे, एक आखूड पडे, आणि सपाट वाटेवरही ठेच लागे. वाटेतल्या गावांत मुले रडत होती आणि बाया दारात हताश बसल्या होत्या. तिला कोणी ओळखले नाही, याचे तिला बरे वाटले आणि त्याची लाजही वाटली. दिवसांमागून दिवस गेले. चंद्राची कोर उरली तेव्हा एका दुपारी ती काळ्या कड्यापाशी पोहोचली.

गुहेच्या तोंडाशी राजाचे सैनिक उभे होते. सगळे जिवंत होते, पण घोट्यापर्यंत खडकात रुतलेले होते. त्यांना भूक लागत नव्हती, तहान मात्र लागत होती. तरलेने ओंजळीओंजळीने झऱ्याचे पाणी आणून प्रत्येकाला पाजले. एका सैनिकाने तिला सांगितले, की आम्हाला ताल परत आणण्याची आज्ञा होती, पण आतले सोन्याचे चाळ पाहून आम्ही ते उचलायला गेलो; बाई, तू तेवढे करू नकोस.

आत घनघोष बसला होता. त्याची दाढी जमिनीवर पसरली होती, पण हात तरुण माणसाचे होते. मांडीवर मृदंग होता आणि शेजारी केळीच्या पानावर चाळांच्या तीन जोड्या मांडलेल्या होत्या. त्याने मान वर केली नाही.

"चुना तू मागितलास," तो म्हणाला.

"मी मागितला," तरला म्हणाली. "तो परत काढण्यासाठी आले आहे. माझी गुरुमाई मरते आहे. राज्यातली मुले झोपत नाहीत. तुम्ही सांगाल ते मी करीन."

घनघोष म्हणाला, "तिघींना तू झाकलेस. तिघींना दाद दे. त्यांना आजवर कोणी दिली नाही अशी, आणि खरी. खोटी दिलीस, तर बाहेरच्या लोकांशेजारी उभी राहशील."

तरलेने मान्य केले. घनघोषाने मृदंगावर बोट टेकले आणि गुहेची डावी भिंत दारासारखी उघडली.

पलीकडे नदीचे वाळवंट होते आणि स्वच्छ ऊन होते. तिथे एक तरुणी नाचत होती. खांबावरची कुंदलता तरलेने जन्मभर पाहिली होती, म्हणून तिने ती ओळखली. पण खांबावरच्या कुंदलतेच्या कपाळावर घाम नव्हता. कुंदलता नाचत होती आणि तिच्या पावलांनी वाळूवर रेघा उमटत होत्या. आधी सोंड उमटली, मग गंडस्थळ, मग कान, मग पाय. नृत्य संपले तेव्हा वाळूवर एक मोठा हत्ती उभा होता. कुंदलतेने एकदाही खाली पाहिले नव्हते.

तरला थक्क झाली. ती म्हणाली, "किती चपळ पावले आहेत तुमची."

तिच्या पायांची बोटे वाळूत बुडाली आणि वाळू दगडासारखी घट्ट झाली.

"हे मला रोज ऐकायला मिळे," कुंदलता म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता, दमलेला होता. तिने पावलांनी वाळू सारखी केली आणि पुन्हा पहिल्यापासून नाचू लागली.

या वेळी तरलेने हत्तीकडे पाहणे सोडले. तिने नाचणारीकडे पाहिले, एका नर्तकीने दुसरीकडे पाहावे तसे. तेव्हा तिला दिसले, की एका जागी कुंदलतेचा डावा पाय खाली येता येता थांबतो. पाय पडत नाही, पण ताल तुटत नाही, कारण नेमक्या त्या क्षणी तिच्या हातातली कंकणे वाजतात आणि पावलाची जागा भरून निघते. आवर्तन फिरून त्या जागी आले, की पुन्हा तेच. तरलेने त्या जागी वाळूत पाहिले. तिथे वाळूच्याच रंगाची, ठिपक्याठिपक्यांची चार अंडी होती. हत्ती पुरा झाला, तेव्हा ती बरोबर त्याच्या डोळ्याच्या जागी आली.

तरला म्हणाली, "हत्तीचा डोळा तुम्ही काढलाच नाही. तिथे टिटवीची अंडी होती. तुम्ही त्यांच्याभोवतीने हत्ती काढलात."

कुंदलता तिच्याकडे पाहतच राहिली. मग ती खाली बसली आणि पहिल्यांदा हसली.

"हे नृत्य मी भर उत्सवात केले होते," ती म्हणाली. "सारे गाव हत्ती पाहून ओरडत होते. मी घरी येईपर्यंत वाट पाहिली, की कोणी तरी टिटवीविषयी विचारील. तू माझ्या विशालाक्षीची शिष्या ना? तिला सांग, की ती रोज चेपत असे तो डावा पाय आता दुखत नाही."

तरलेची बोटे सुटली. ती गुहेत परत आली, तेव्हा चाळांची पहिली जोडी आपोआप वाजून शांत झाली होती.

घनघोषाने पुन्हा बोट टेकले आणि उजवी भिंत उघडली. तिथे एक सारवलेले अंगण होते आणि अंगणात मंदारिका बसली होती. ती वृद्ध होती, अंगाने जाड होती, आणि खांबावर कोरल्यापेक्षा खूपच बुटकी होती. या खेपेला तरला सावध होती. तिने ठरवले, की डोळ्यांत तेल घालून पाहायचे, कोणाला दिसले नसेल असे काही हेरायचे आणि नेमक्या शब्दांत सांगायचे. ती अंगणाच्या कडेला बसली.

मंदारिका उठली. तिने फक्त पाणी भरून आणणाऱ्या बाईचे सोंग घेतले. वाद्य नव्हते, गाणे नव्हते. तिने विहिरीत पोहरा सोडला, दोर ओढला, तळव्यांना दोर काचला तेव्हा फुंकर घातली. एक घागर डोक्यावर घेतली, एक कमरेवर. मग ती चढ चढू लागली. ऊन होते. तिचे लहान मूल पदर धरून मागे मागे चालले होते आणि मला घे म्हणून हट्ट करीत होते. ती त्याला काही तरी सांगत होती, हसवत होती. घाम डोळ्यांत उतरत होता, पण पुसायला हात मोकळा नव्हता. चढ संपत आला. शेवटच्या पायरीवर ओला पाय सरकला.

तरलेने धाव घेतली आणि कमरेवरची घागर दोन्ही हातांनी धरली.

मग तिला कळले, की आपण अंगणाच्या मधोमध उभे आहोत आणि आपले हात रिकामे आहेत. तिला फार ओशाळल्यासारखे झाले. काय हेरायचे होते, काय सांगायचे होते, सारे ती विसरली होती. ती नृत्य पाहत होती हेच मुळी तिच्या ध्यानात राहिले नव्हते.

मंदारिकेने तिच्याकडे पाहिले आणि हात पुढे केले.

"आण इकडे," ती म्हणाली. तिने तरलेच्या हातांतून घागर घेतली, जपून खाली ठेवली आणि आत डोकावून पाहिले. "सांडले नाही."

तरला म्हणाली, "मी दाद दिली नाही. मला शब्दच सुचले नाहीत."

"मला राजांनी हार घातले, कवींनी स्तोत्रे म्हटली," मंदारिका म्हणाली. "पण डोक्यावर ओझे घेऊन मी जन्मभर त्या पायऱ्या चढले आणि घागर धरायला कोणी उठले नाही. आता जा. तुला अजून काम आहे."

गुहेत दुसरी जोडी वाजून थांबली. तरलेला वाटले, आता तिसरी भिंत उघडेल. ती वाट पाहत उभी राहिली. पण घनघोषाने मृदंगावरचा हात उचलून घेतला.

"अंशुमती दिसणार नाही," तो म्हणाला. "माझ्या मंत्रांनी ती येत नाही. त्या दोघींना लोकांनी आठवून आठवून, सांगून सांगून ठेवले आहे, म्हणून त्या येतात. अंशुमती माझ्या एकट्याजवळ आहे. तरीही तिला दाद दे."

तिला खांबावरची मूर्ती आठवली. ती नाजूक कंबर, ते अर्धे मिटलेले डोळे. विजेसारखी होती म्हणावे, अप्सरा लाजली असती म्हणावे, असे शब्द तिच्या जिभेवर आले. सारी सभा तेच म्हणत असे. ते शब्द नुसते मनात येताच खडक तिच्या तळव्यांना मऊ लागू लागला. बाहेर चंद्र नावापुरता उरला होता आणि गुरुमाईची नाडी तरलेच्या एका वाक्यावर अडली होती. तिने ते शब्द गिळले आणि घनघोषासमोर मांडी घालून बसली.

"आचार्य, जे मी पाहिले नाही, त्याला दाद देता येणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही पाहिले आहे. तुम्ही सांगा. मी ऐकते."

घनघोषाने पहिल्यांदा मान वर केली. तरलेला वाटले, संपले. मग हळूच तिने विचारले, की सभेत जाण्यापूर्वी अंशुमती काय करीत असे?

"तिचे हात गार पडत," घनघोष म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "मृदंगाचा नाद घुमावा म्हणून मी त्याला कणीक लावायला बसलो, की ती शेजारी येऊन बसे आणि त्यातला गोळा घेऊन मळत राही. मळता मळता हात गरम होत. मग उठे. पुष्कळदा माझ्या मृदंगाला कणीक पुरत नसे."

"त्यांना भीती वाटत असे?"

"दर वेळी. तिच्याआधी कोणी एक कांचनप्रभा होऊन गेली होती. लोक म्हणत, नाचावे तर कांचनप्रभेने. अंशुमती घरी येऊन रडे."

हे ऐकून तरलेला एकदम हसू आले. तिने तोंडावर हात धरला, पण हसू आवरेना, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. जन्मभर छातीवर ठेवलेले काही तरी कोणी उचलून बाजूला ठेवावे, तसे तिला झाले. घनघोष आधी चमकला, मग त्याच्याही दाढीत हसू उमटले. आता तो थांबेना. अंशुमती डावखुरी होती हे त्याने सांगितले. ती चाळ बांधताना गाठीवर फुंकर मारी हे सांगितले. आणि शेवटी आवाज खाली आणून त्याने सांगितले, की एका तुकड्यात ती नेहमी चुके. गिरकीनंतर पाऊल टाकायला तिला जरासा उशीर होई.

"तेवढ्यात मी एक जादा थाप घालत असे," तो म्हणाला. "मग चूक चूक राहत नसे. लोक त्या जागेची वाट पाहत. ती गिरकीतून बाहेर येताना माझ्याकडे पाही, डोळ्यांनी क्षमा मागे आणि हसे. हे मी कोणालाच सांगितले नाही. सारे तिला देवी म्हणू लागले, आणि देवीविषयी कोण विचारणार?"

तरला उठून उभी राहिली. तिने पदर खोचला आणि घनघोषाला नमस्कार केला.

"आचार्य, तो तुकडा मला शिकवा," ती म्हणाली. "चुकीसकट."

घनघोषाने वादी सैल केली. त्याने पहिली थाप दिली, आणि तरलेचे पाऊल खाली आले ते बरोबर तिथेच आले. त्याने बोल सांगितले, तिने पावले टाकली. ती अडखळली, त्याने पुन्हा सांगितले. गिरकी आली. तरलेने पाऊल जरासे रोखून धरले, घनघोषाची जादा थाप पडली, आणि तिने वळून त्याच्याकडे पाहिले. मांत्रिक तोंड झाकून रडू लागला. केळीच्या पानावरची तिसरी जोडी वाजली, आणि मृदंगातला ताल सुटला.

तो कड्यावरून वाऱ्यासारखा खाली गेला. खडकांनी सैनिकांचे पाय सोडले. ते खाली बसून घोटे चोळू लागले. घनघोषाचे मंत्रही तालाबरोबर गेले. त्याचे तरुण हात सुरकुतले, आणि तो उठायला गेला तेव्हा त्याचा गुडघा दुखला. त्याला त्याचे फार नवल वाटले. आता अंशुमतीच्या आठवणीचे ओझे एकट्याने वाहायचे नव्हते, म्हणून मरणाची भीतीही उरली नव्हती. सैनिकांनी भाल्यांची डोली केली, त्याला आणि मृदंगाला तीत बसवले, आणि सगळे एका पावलाने चालत राज्याकडे निघाले. चाळ तरलेने ओटीत घेतले होते. आता त्यांना कोणीही हात लावावा, असे ते झाले होते.

वाटेतली गावे इतकी शांत होती, की सैनिक घाबरले. मग लक्षात आले, की सगळी मुले झोपली आहेत आणि त्यांच्या आयाही, बसल्या जागीच, पाळण्याला डोके टेकून झोपल्या आहेत. सैनिक टाचा उचलून गावाबाहेर पडले.

राजधानीत राजा पुष्कर नृत्यशाळेत होता. साळुंकीने पुढे येऊन त्याला सारे सांगितले होते. त्याने ओल्या फडक्याने आणि लाकडी पट्टीने कुंदलतेच्या खांबावरचा चुना स्वतःच काढायला घेतला होता. त्याच्या दाढीवर, मुकुटावर चुना पडला होता. तरला पुढे होऊन क्षमा मागू लागली, तेव्हा त्याने तिला थांबवले.

"मागणारी तू होतीस, पण देणारा मी होतो," तो म्हणाला. "तो दुसरा खांब घे. बोटांच्या बेचक्यांत जपून."

दोघांनी आणि गवंड्यांनी मिळून तिन्ही नर्तकी मोकळ्या केल्या. साळुंकीने मंदारिकेचा तळहात टोचून पाहिला आणि काड्या आणायला निघून गेली.

तरला घरी धावली. राजवैद्य अंगणातच भेटला. तो नुसता हसला, आणि आपल्या मात्रांची पेटी उचलून चालू लागला. गुरुमाई उशीला टेकून बसली होती आणि पेज पीत होती. तरलेने तिचे मनगट धरले. ठोका येत होता, जात होता, पुन्हा येत होता. ती ते मनगट सोडेना, तेव्हा गुरुमाई म्हणाली, की मला पेज प्यायला हात लागतो.

मग तरलेने कुंदलतेचा निरोप सांगितला. गुरुमाईने वाटी खाली ठेवली आणि ती खिडकीबाहेर पाहत राहिली.

थोड्या दिवसांनी गुरुमाई अंगणात हिंडूफिरू लागली. एका सकाळी घनघोष ओट्यावर मृदंगाला कणीक लावत बसला होता आणि तरला तुळशीपाशी उभी होती. तरला म्हणाली, "माई, तुम्ही मला सगळे बसून शिकवलेत. तुम्हाला नाचताना मी कधी पाहिले नाही. कधी विचारलेही नाही."

"पाहण्याजोगे आता काय उरले आहे?" गुरुमाई म्हणाली. पण घनघोषाने मृदंग मांडीवर घेतला होता, आणि ती हे बोलताना पदर कमरेला खोचत होती.

ती नाचली. गुडघे वाकत नव्हते, म्हणून उड्या तिने हातांनी दाखवल्या. गिरकी फिरता येत नव्हती, म्हणून नुसती मान वळवली आणि सारे अंगण तिच्याभोवती फिरले. कोवळे ऊन होते. शेजारच्या बाया कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. तरला खाली बसली होती आणि डोळ्याची पापणी न हलवता पाहत होती, कारण हे पाहणारी ती होती आणि पुढे सांगणारीही तीच होणार होती.

नृत्य संपले. गुरुमाई धापा टाकत ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "बोल की काही."

"माई," तरला म्हणाली, "पुन्हा एकदा."

"आधी पाणी दे," गुरुमाई म्हणाली. ती पाणी प्यायली, तिने तोंड पुसले, आणि ती पुन्हा उभी राहिली.

त्या माउलीला जसा निवांत श्वास लाभला, तसा तो ऐकणाऱ्यांना लाभो, आणि सांगणाऱ्यालाही.